डोंगरी प्रवाहातील नौकानयन : सुरक्षित नियोजनाची तत्त्वे

प्रस्तावना

राफ्टिंग व कयाकिंग हे जलक्रीडा प्रकार आता महाविद्यालयीन साहस शिबिरांचा भाग झाले आहेत. अशा उपक्रमाचे नियोजन करताना तारीख, वाहन, निवास व खर्च यांचा विचार प्रथम होतो, पाण्याचा विचार मात्र बहुधा ठिकाणावर पोहोचल्यानंतर. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात थलोटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबाद येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते नौकानयनासाठी आलेले नव्हते. तथापि, प्रवाहाचे वेळापत्रक ठाऊक नसताना पात्रात उतरणे किती घातक ठरते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. डोंगरी प्रवाहातील सफरीचे नियोजन दिनदर्शिकेवरून नव्हे, तर पाण्यावरून कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाण्याचा उगम आणि त्याचे वेळापत्रक

नियोजनातील पहिला प्रश्न ‘पाणी किती आहे’ हा नसून ‘पाणी कोठून येते’ हा आहे. या दृष्टीने डोंगरी प्रवाहांचे तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार पर्जन्याधारित प्रवाहांचा. केरळच्या कोळिकोड जिल्ह्यातील चालिपुळा व इरुवंजिपुळा हे पश्चिम घाटातून उतरणारे प्रवाह याचे उत्तम उदाहरण होत. तेथे २०१३ पासून पावसाळ्यात मलबार नदी महोत्सव या नावाने कयाकिंगच्या स्पर्धा भरू लागल्या. अशा प्रवाहांचे पाणलोट क्षेत्र लहान व तीव्र उताराचे असल्यामुळे माथ्यावर पडलेला पाऊस अल्पावधीत पात्रात उतरतो. खाली ऊन असतानाही वर पाऊस झाल्यास पाणी चढते.

दुसरा प्रकार हिमाधारित प्रवाहांचा. दिवसा वितळलेले बर्फाचे पाणी काही तासांनी खाली पोहोचते. म्हणून हिमालयातील ओढे सकाळी उतरलेले आणि दुपारनंतर चढलेले आढळतात.

तिसरा प्रकार धरणनियंत्रित प्रवाहांचा. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीवर कोलाडजवळ चालणारे राफ्टिंग या प्रकारात मोडते. मुळशी जलाशयाचे पाणी घाटाखाली भिरा येथे आणून वीजनिर्मिती केली जाते व नंतर ते कुंडलिकेच्या खोऱ्यात येते. त्यामुळे पावसाळ्याबाहेरही नदीला खळाळ लाभतो. परंतु येथे पाण्याची वेळ निसर्ग नव्हे, तर वीजनिर्मिती ठरविते. त्यामुळे विसर्गाची वेळ संबंधित यंत्रणेकडून निश्चित करून घेणे अपरिहार्य ठरते.

नकाशावरील अभ्यास

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः २० मीटर असते. प्रवाहाच्या २ किलोमीटर लांबीत पात्र १०० मीटर उतरत असेल, तर सरासरी उतार दर किलोमीटरला ५० मीटर होतो. हा उतार अत्यंत कठीण मानावा. अर्थात सरासरी फसवी असते. संपूर्ण उतार समप्रमाणात विभागलेला असू शकतो, किंवा एकाच धबधब्यात एकवटलेला. म्हणून रेषा दाटलेली स्थळे नकाशावर खुणावून त्यांची प्रत्यक्ष पाहणी करावी. काठावरून बाहेर पडण्याच्या वाटा, जवळचे गाव व वाहनरस्ता यांचीही नोंद याच टप्प्यात करावी. दरीत शिरल्यावर परतीची वाट नसेल, तर तो पट्टा नवशिक्यांसाठी वर्ज्य समजावा.

काठिण्यश्रेणी आणि तिच्या मर्यादा

खळाळांची काठिण्यश्रेणी आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार १ ते ६ अशी केली जाते. श्रेणी १ मध्ये लहान लाटा व मोकळा मार्ग असतो. श्रेणी ३ मध्ये अनियमित लाटा व अरुंद वाटांतून नौका अचूक वळवावी लागते. श्रेणी ५ केवळ निष्णातांसाठी आहे, तर श्रेणी ६ म्हणजे शक्यतेची सीमा. परंतु श्रेणी विशिष्ट जलपातळीलाच लागू पडते. वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. यास्तव कालची श्रेणी आज गृहीत धरता येत नाही. पाणी अतिथंड असेल किंवा स्थळ दुर्गम असेल, तर प्रवाह एक श्रेणी अधिक कठीण मानणे इष्ट होय.

प्रमुख धोके

डोंगरी प्रवाहातील जीवघेणे धोके नेहमीच मोठ्या लाटांत नसतात. पात्रात आडवे पडलेले झाड पाणी जाऊ देते, पण माणसास अडकवून ठेवते. आतून पोखरलेल्या कातळाखाली प्रवाह माणसास ओढून नेतो. पायरीवरून पडलेले पाणी पायथ्याशी उलटे वळते व वर आलेली वस्तू पुन्हा धारेखाली नेते. काठापासून काठापर्यंत सलग बांधलेला कमी उंचीचा बंधारा दिसायला साधा, परंतु विशेष घातक असतो, कारण त्याच्या उलटप्रवाहात कोठेही खंड नसतो. वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न केल्यास पाय दगडांच्या फटीत अडकून प्रवाह शरीरास पाण्याखाली दाबतो. म्हणून पाण्यात पडलेल्याने पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने व पृष्ठभागालगत ठेवून शांत पाण्याकडे सरकावे. आडव्या झाडाकडे वाहत जात असल्यास मात्र पालथे होऊन पूर्ण जोराने पोहत त्यापासून दूर जावे.

चमू आणि साहित्य

किमान तीन नौका असल्याखेरीज सफर सुरू करू नये, म्हणजे एक उलटली तरी दोन मदतीस उरतात. सर्वांत अनुभवी व्यक्ती अग्रभागी व दुसरी अनुभवी व्यक्ती शेवटी असावी. प्रत्येकाच्या अंगावर घट्ट बांधलेले लाइफ जॅकेट, हेल्मेट, पायांत न निसटणारी पादत्राणे आणि गळ्यात न अडकेल अशी शिट्टी असावी. पिशवीत भरलेला १५ ते २० मीटर लांबीचा तरंगता दोर अवघड जागी काठावर तयार ठेवावा. तो फेकणाऱ्याने स्वतःच्या कमरेला बांधू नये. जेथे वळणापलीकडचे दिसत नाही, तेथे थांबून पाहणी करावी व शंका आल्यास नौका उचलून काठाने पुढे न्यावी.

माघारीच्या अटी

अपघाताच्या मुळाशी अनेकदा अज्ञानापेक्षा भिडस्तपणा असतो. शुल्क भरलेले असते, रजा घेतलेली असते, आरक्षण झालेले असते. अशा वेळी काठावर उभे राहून ‘नको’ म्हणणे प्रमुखास जड जाते. त्यामुळे माघारीच्या अटी महाविद्यालयातच लेखी ठरवाव्यात. खुणेचा दगड पाण्याखाली गेल्यास सफर रद्द करावी. पाणी एकाएकी गढुळले, पाने व फांद्या वाहून येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज वाढला, तर तत्काळ उंच जागी जावे. ठरावीक वेळेपर्यंत निम्मे अंतर कापले न गेल्यास नियोजित वाटेने बाहेर पडावे. त्याच परिसरातील किल्ल्याची भेट किंवा वनस्पती निरीक्षण असा पर्यायी कार्यक्रम आधीच ठरलेला असावा. कोणत्याही विद्यार्थ्यास कारण न सांगता काठाने चालत जाण्याची मुभा असावी. सफरीचा मार्ग, सहभागींची यादी व परतीची अपेक्षित वेळ महाविद्यालयातील जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी.

समारोप

पाण्याचा उगम, पात्राचा उतार, चमूची क्षमता आणि माघारीच्या अटी या चार गोष्टी नियोजनाच्या केंद्रस्थानी आहेत. पहिल्या तिन्हींचा अभ्यास कितीही काटेकोर असला, तरी चौथीच्या अभावी तो काठावर निरुपयोगी ठरतो. रद्द झालेली सफर हे नियोजनाचे अपयश नसून नियोजन यथायोग्य असल्याचे प्रमाण होय. ही धारणा प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांत रुजविल्यास साहस आणि जबाबदारी यांचा मेळ घालणे शक्य होईल.