मुलाचे तोंड वाकडे होते तेव्हा

रामाकोना-सौसर परिसरात मुलाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, की ‘लकवा मारला’ म्हणून घरची मंडळी हादरतात. मुलांत बहुधा बिघाड मेंदूत नसून चेहऱ्याच्या मज्जातंतूत असतो. हा तंतू कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून येतो. त्याला सूज आली, की पसरायला जागा नसते. तो दबतो, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि स्नायूंकडे जाणारा संदेश खुंटतो. त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही, डोळा मिटत नाही. मेंदूतील आघातात कपाळ सहसा शाबूत राहते, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून संदेश मिळतात.

कारण सापडले नाही, की ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. मुलांत मात्र तेवढ्यावर मोकळे होऊ नये. कान वाहतो का, कानात पुरळ आहे का, हे पाहावे. रक्तदाब मोजावाच, मुलाच्या दंडाला बेतशीर पट्टा शोधण्याचा कंटाळा डॉक्टरांनाही असतो! क्वचित रक्ताचा कर्करोगही असाच प्रकटतो; म्हणून स्टेरॉइडपूर्वी रक्त तपासलेले बरे.

बहुतेक मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ण सुधारतात. तोवर उघड्या डोळ्यात दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम घालून पापणी मिटवावी व वर पट्टी लावावी. नाहीतर चेहरा सरळ होतो, पण कोरड्या बुबुळावर व्रण होऊन दृष्टी अधू होते.