निचऱ्याच्या बाटलीत दुधाळ द्राव दिसला तर

आतड्यांत शोषलेला स्निग्धांश वाहून नेणारी मुख्य लसीकावाहिनी छातीतून वर चढून डाव्या बाजूस मानेच्या पायथ्याशी नीलेला मिळते. आणि कर्करोगासाठी मानेतील लसीकाग्रंथी काढताना, तिची भित्तिका अत्यंत तलम असल्यामुळे, निष्णात शल्यविशारदाच्या हातूनही तिला क्वचित इजा पोहोचते. मग शस्त्रक्रियेनंतर नळीवाटे अन्न सुरू होताच जखमेला जोडलेल्या निचऱ्याच्या बाटलीतील तांबूस द्राव दुधाळ होतो. त्यात दर 100 मिलिलिटरमागे 100 मिलिग्रॅमहून अधिक ट्रायग्लिसराइड आढळले, की गळतीचे निदान बहुधा निश्चित होते.

पहिला बंदोबस्त आहाराचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मर्मग्राही: नेहमीचे तूप-तेल वर्ज्य करून, लसीकेची वाट न धरता थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शिरणारे मध्यम साखळीचे मेद दिले, म्हणजे उपासमार न होता गळती मंदावते. घरून पुष्टीसाठी आणलेला दुधाचा पेलाही या काळात निषिद्ध, ही ताकीद नातलगांस सुरुवातीलाच मिळावी. जोडीला दाबपट्टी, विश्रांती, ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने. तरीही रोज अर्धा-एक लिटर स्राव काही दिवस चालूच राहिला, तर प्रथिने, क्षार व रोगप्रतिकारक पेशींचा ऱ्हास रुग्णास झेपत नाही. मग जखम पुन्हा उघडून वाहिनी बांधतात, किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने सूक्ष्म नळी घालून वाहिनी आतूनच बुजवतात.