तलवारीचा पहिला धनी

जर्मन साम्राज्याच्या काळातली अधिकाऱ्याची तलवार लिलावात येते किंवा संग्रहालयाच्या कपाटात मांडली जाते, तेव्हा तिच्याबरोबर बहुधा एक नावही आलेले असते. कधी म्यानाच्या तोंडाशी कोरलेली आद्याक्षरे असतात, कधी पात्यावर अर्पणपत्रिकेसारखी ओळ असते, कधी 'अमक्या सेनानीची' एवढी तोंडी परंपरा असते. शोध घेणारा साहजिकच त्या नावापासून सुरुवात करतो. या शोधातली सर्वांत महागडी चूक तीच, असे मला वाटते. एकदा नाव मनात बसले की पुढचा प्रत्येक पुरावा त्याच्या बाजूने वाचला जातो. क्रम उलटा हवा. तलवारीने आधी आपला काळ सांगावा, मग राज्य, मग सैन्यशाखा, जमल्यास रेजिमेंट. एवढे ठरल्यावर ज्या मोजक्या माणसांचा संच उरतो, त्यात ते नाव बसते का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

जर्मन अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत असे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. सामान्य सैनिकाचे शस्त्र सरकारी असे. त्या शस्त्राच्या पात्याच्या पाठीवर मुकुट, राजाचे आद्याक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असत. प्रशियात ते अक्षर विल्हेल्मचे 'डब्ल्यू' होते, तर बव्हेरियात १८८६ ते १९१३ या काळात राजा ओट्टोचे 'ओ'. शिवाय रेजिमेंट, कंपनी आणि शस्त्राचा क्रमांक सांगणारे शिक्केही असत. ते कसे ठोकायचे याचे नियमच छापलेले होते. अधिकाऱ्याच्या खासगी तलवारीवर हे शिक्के सहसा नसतात. म्हणून 'कॅप्टन अमुक यांची' म्हणून दाखवलेल्या तलवारीच्या पाठीवर सरकारी स्वीकृतीचा शिक्का दिसला, तर आधी त्या दाव्यावर शंका घ्यावी. अधिकाऱ्यांच्या धाटणीची तलवार वरिष्ठ हवालदारांच्या कमरेलाही असे आणि ती सरकारातून मिळू शके. शिक्क्यांचा अभाव हा पुरावा नव्हे, असा आक्षेप येतो. एकट्याने नव्हेच. पण दोन शक्यतांमधली कुठली आधी सोडायची, हे त्या अभावावरून नक्की ठरते.

काळाच्या बाबतीत मूठ बरेच बोलते. प्रशियाच्या पायदळ अधिकाऱ्यांची १८८९ची तलवार घ्या. तिच्या पितळी परजेत जाळीसारखा कोरलेला प्रशियन गरुड असतो, परजेचा एक भाग बिजागरीवर दुमडतो आणि तारेने गुंडाळलेल्या मुठीवर दुसऱ्या विल्हेल्मची राजमुद्रा असते. सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्गच्या तलवारींत गरुडाच्या जागी त्या त्या राज्याची चिन्हे येतात. म्हणजे साध्या नजरेने पाहूनही एका मोठ्या सैन्यातून एका राज्याच्या सैन्यापर्यंत येता येते. विल्हेल्म दुसरा १५ जून १८८८ला गादीवर आला, त्यामुळे त्याची मुद्रा मूळची असेल तर तलवार त्याआधीची असू शकत नाही. मात्र हा पुरावा एका बाजूनेच बांधतो. तो राजा १९१८पर्यंत होता आणि तीस वर्षांत अधिकाऱ्यांची पिढी बदलते.

ही तीस वर्षे आणखी आवळायची तर झोलिंगेनकडे वळावे लागते. ऱ्हाइन खोऱ्याच्या या गावाने शतकानुशतके युरोपाला पाती पुरवली. वायर्सबर्ग आणि किर्शबाउम ही घराणी १८८३मध्ये एक झाली. एकाचे राजाचे मुंडके आणि दुसऱ्याचे शिरस्त्राणधारी सरदाराचे मुंडके ही चिन्हे तेव्हापासून शेजारी-शेजारी येऊ लागली. कार्ल आइकहोर्नची खार वर्षांमागून वर्षे रूप बदलत गेली, म्हणून तिचे नेमके रूप जुळवून काळ ठरवता येतो. पात्यावर रेजिमेंटचे नाव असेल तर एक तारीख फार उपयोगी पडते. २७ जानेवारी १८८९ रोजी, आपल्या वाढदिवशी, विल्हेल्मने अनेक प्रशियन रेजिमेंटांना जुन्या सेनानींची नावे बहाल केली. असे त्या दिवशी मिळालेले नाव पात्यावर असेल तर ते कोरकाम त्या दिवसानंतरचे. कधी कधी तलवार विकणाऱ्या दुकानदाराचे नाव आणि गावही पात्यावर सापडते. ते गाव छावणीचे असेल तर शोध आणखी आखडतो, बर्लिनचे असेल तर त्यातून फारसे काही निघत नाही. बर्लिनमध्ये सगळेच खरेदी करत.

आता समजा, घोडदळाच्या अधिकाऱ्याची सिंहमुखी तलवार हाती आली आहे, म्यानावर 'एम', 'व्ही', 'आर' ही अक्षरे आहेत आणि वर मुकुट. लगेच कुणीतरी मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेनचे नाव घेईल. पहिल्या महायुद्धातला हा वैमानिक उलान म्हणजे भालाईतांच्या पहिल्या रेजिमेंटचा अधिकारी होता, हे खरेच आहे. पण इथे मुकुटाची टोके मोजायला हवीत. जर्मन प्रथेत नुसत्या 'फॉन' घराण्याच्या मुकुटाला पाच, फ्रायहेर म्हणजे बॅरनच्या मुकुटाला सात आणि ग्राफ म्हणजे काउंटच्या मुकुटाला नऊ टोके दाखवत. रिश्टहोफेन फ्रायहेर होते. मुकुटाला पाचच टोके असतील तर हा दावा जवळजवळ गळून पडतो. सात असली तरी तो सिद्ध होत नाही. रोटेनहान आणि राइट्झेनश्टाइन ही 'आर'ची घराणीही फ्रायहेरच, आणि माक्स हे नाव तेव्हा घरोघरी होते. मग शाखा पाहायची. मान्फ्रेडचा भाऊ लोथार ड्रॅगून चौथ्या रेजिमेंटात होता, चुलत नात्यातला वोल्फ्राम हुसार चौथ्यात, वडील अल्ब्रेख्त क्युरासिअर. एकाच घराण्यात घोडदळाच्या चार शाखा! मुठीच्या ढालीवर, पात्यावर किंवा म्यानावर रेजिमेंटची निशाणी असेल, तर तिचे वजन आडनावापेक्षा जास्त मानायला हवे. मान्फ्रेड १९१२मध्ये लेफ्टनंट झाला. त्याच्या नेमणुकीला न जुळणारे काहीही पात्यावर आढळले, तर प्रसिद्ध नाव मागे घ्यावे लागते, ते कितीही मोहक असो.

वस्तूने संच आखडला की कागदाची पाळी येते. प्रशियाच्या सैन्याच्या श्रेणी-याद्या महायुद्धापर्यंत छापल्या जात. त्यांत रेजिमेंटवार, ज्येष्ठतेने अधिकाऱ्यांची आडनावे असतात, आणि एकाच आडनावाचे दोघे आले की त्यांना रोमन आकडे दिलेले असतात. बव्हेरियाची स्वतंत्र सैन्यपुस्तिका होती. १९१४च्या यादीवर आधारलेली मोठी सन्मान-श्रेणीयादी १९२६मध्ये निघाली. राखीव अधिकाऱ्यांना वगळून चालत नाही. वर्षभर स्वखर्चाने सेवा करून पुढे राखीव लेफ्टनंट झालेले वकील, शिक्षक, कारखानदारही तलवार बाळगत, आणि तिच्यावर नाव कोरायची हौस त्यांनाही असे. उमरावांची कुळे गोथा येथून निघालेल्या वंशावळींत पाहता येतात. यावर नेहमीचा आक्षेप असा, की १४ एप्रिल १९४५च्या बॉम्बहल्ल्यात पोट्सडामचे प्रशियन सैन्य-दफ्तर जळाले, मग या खटाटोपाला अर्थ काय? जे जळाले ते अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायलींसह मोठे भांडार होते आणि ते नुकसान भरून निघणारे नाही. पण छापील याद्यांच्या प्रती ग्रंथालयांत राहिल्या. बव्हेरियाचे दफ्तर म्युनिकला, व्युर्टेम्बर्गचे श्टुटगार्टला, बाडेनचे कार्ल्सरूहला टिकले. म्हणूनच राज्य आधी ठरवायचे. बव्हेरियन तलवारीच्या बाबतीत एखाद्या माणसाचे सेवाजीवन उलगडता येते, प्रशियन तलवारीच्या बाबतीत बहुधा नाव आणि नेमणूक एवढ्यावर थांबावे लागते. दोन्हींकडून एकाच दर्जाचा निष्कर्ष मागणे अन्यायाचे आहे.

कोरलेले नाव हाच पुरावा, मग इतका फेरा कशाला, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नाव तलवारीवर आहे, पण ते कधी कोरले? आम्लाने पात्यावर उठवलेले कोरकाम कारखान्यातले असते आणि मुलामा त्याच्यावरून चढतो. नंतर छिन्नीने कोरलेले नाव मुलाम्याला कापत जाते, कधी गंजालाही. भिंगाखाली हा फरक दिसतो, आणि नाव नसलेल्या तलवारीपेक्षा नाव असलेलीला भाव जास्त मिळतो हे लक्षात घेतले तर भिंग का हवे ते कळते. नाव जुने आणि प्रामाणिक असले तरी पहिल्या धन्याचे असेलच असे नाही. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणि त्यातले अधिकारी चार हजारांवर आणले. सेवा सुटलेल्यांच्या तलवारी घराच्या भिंतींवर गेल्या, काही मुलांना आणि पुतण्यांना मिळाल्या. आपल्याकडच्या फिरंग तलवारींनी हेच शिकवले आहे. त्यांची पाती युरोपातली, अनेकदा झोलिंगेनची, मूठ दख्खनेत चढवलेली, आणि पात्यावरचा धावता लांडगा इतक्या कारागिरांनी नकलला की तो बनवणाऱ्याचीही खात्री देत नाही, वापरणाऱ्याची तर दूरच.

उरतो तो जिंकलेल्या शस्त्राचा दाखला: अमुक लढाईत अमुक अधिकाऱ्याकडून तलवार घेतली, ही पुढच्या पिढ्यांनी जपलेली हकीकत. ती खोटी ठरवायची मला घाई नाही. पण ती तलवारीचा शेवटचा मुक्काम सांगते, पहिला नाही. आणि तीही तपासता येते. मद्रासवर २२ सप्टेंबर १९१४ला तोफा डागणाऱ्या 'एम्डन' युद्धनौकेचे उदाहरण घ्या. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ 'सिडनी' या युद्धनौकेने तिला नामोहरम केले, तेव्हा कप्तान कार्ल फॉन म्युलर आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी तलवारी स्वतःजवळ ठेवाव्यात असे ब्रिटिश नौदल मुख्यालयाने कळवले. त्यामुळे 'शरणागतीत हिसकावलेली म्युलरची तलवार' असा दावा समोर आला, तर आधी या आदेशाला उत्तर द्यावे लागेल. शिवाय जर्मन नौदलाच्या अधिकाऱ्याच्या तलवारीला सिंहमुख असते आणि सिंहाचा एक डोळा लाल, दुसरा हिरवा. गरुडाच्या परजेची पायदळी तलवार त्या कथेत बसणारच नाही.

इतक्या कसोट्या लावल्या तर क्वचितच एखादी तलवार नावापर्यंत पोचेल, असे संग्राहक म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण न पोचणे म्हणजे काही न मिळणे नव्हे. 'प्रशियन पायदळ अधिकारी, १८८९ ते १९१८, झोलिंगेन; मुकुट फ्रायहेरचा, आद्याक्षरे मुलाम्याखालची म्हणजे कारखान्यातलीच; १९१४च्या यादीत पात्यावरच्या रेजिमेंटात जुळणारी नावे दोन' अशी नोंद कपाटावर लावता येते. दोन्ही नावे लिहावीत, कोणाच्या बाजूने कोणता पुरावा आहे तेही लिहावे, आणि रेजिमेंटचा इतिहास किंवा कुटुंबाचा कागद पुढे सापडेल तेव्हा त्यातले एक खोडायला जागा ठेवावी.