तात, गज आणि काळी चार

क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये, १९९९ पासून एक वाद्यवृंद आहे: हर्वात्स्की बारोक्नी आन्साम्ब्ल, म्हणजे क्रोएशियन बरोक वृंद. साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपीय संगीत तो त्या काळच्या घडणीच्या वाद्यांवर वाजवतो. अशा वृंदांतली सगळी वाद्यं जुनीच असतात असं नाही. पुष्कळशी जुन्या नमुन्यांवरून आज घडवलेली असतात. महत्त्व घडणीला.

व्हायोलिन घ्या. आज त्याला पोलादी किंवा धातू गुंडाळलेल्या तारा लावतात. बरोक व्हायोलिनवर तात असते, मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून वळलेली. सारंगीच्या मुख्य तारा तातेच्याच. तो किंचित खरखरीत, गळ्याजवळ जाणारा आवाज आठवला की निम्मं काम झालं. तातेवर ताण कमी, त्यामुळे आवाज लहान, पण स्वराची सुरुवात स्वच्छ कळते. मात्र दमट हवेत आणि दिव्यांच्या उष्णतेत तातेचा सूर हलतो. दोन रचनांच्या मध्ये वादक पुन्हा पुन्हा सूर लावत बसतात ते यामुळे.

खरी गंमत गजाची. आजच्या गजाची काठी केसांच्या दिशेने आत वाकलेली असते आणि टोकापर्यंत सारखा जोर देते. हा आकार १७८० च्या दशकात पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्तने पक्का केला. त्याआधीचा गज हलका, जवळजवळ सरळ किंवा बाहेर फुगलेला. टोकाकडे जाताना त्याचा जोर आपोआप ओसरतो, म्हणून प्रत्येक स्वर उमलतो आणि विरतो. बरोक संगीत छोट्या छोट्या, बोलल्यासारख्या तुकड्यांचं का, याचं अर्धं उत्तर माझ्या मते इथे आहे.

पट्टीही वेगळी. आजचा प्रमाण ‘ए’ ४४० हर्ट्झचा, म्हणजे पेटीची पांढरी सहा. बरोक वृंद बहुधा ४१५ धरतात. तोच स्वर अर्ध्या सुराने उतरून काळी चारवर येतो. त्या काळी गावोगाव पट्टी निराळी होती, ४१५ ही आजच्या वादकांची सोयीची तडजोड.

साथीला हार्प्सिकॉर्ड. कळ दाबली की लाकडी पट्टी वर उचलली जाते आणि तिला लावलेलं पिसाच्या देठाचं (हल्ली बहुधा प्लास्टिकचं) टोक तार छेडतं. कळ जोरात दाबा की हळू, आवाज जवळपास तेवढाच. वादकापुढे खर्जाची ओळ आणि काही आकडे एवढंच लिहिलेलं असतं. वरचा स्वरमेळ तो जागच्या जागी रचतो.

क्रोएशियाकडे स्वतःचे जुने रचनाकारही आहेत. दुब्रोव्हनिक प्रजासत्ताकाचा सरदार आणि मुत्सद्दी लुका सोर्कोचेविच (१७३४–१७८९) बरोकच्या उतरणीवरचा, पण सुरुवात त्याच्या छोटेखानी सिंफनींपासून करा. हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तातेचा पोत ऐकूच येत नाही.