पैनगंगेच्या दोन काठांवर

दोन समाज वेगळे का, हे शोधायचे तर लोक, भाषा, माती शक्यतो सारखी आणि राज्यव्यवस्था तेवढी निराळी असलेली जागा हवी. असा योग आपसूक जुळला, तर समाजशास्त्रज्ञ त्याला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. १९४९ ते १९९० या काळातली दोन जर्मनी हे त्याचे गाजलेले उदाहरण. तेवढ्या लांब कशाला जा? उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की पलीकडे हदगाव.

अलीकडचे वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. पलीकडे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. मराठी बोली, ज्वारी-कापूस, सोयरिकी दोन्हीकडे; पण वऱ्हाडात रयतवारी, तर मराठवाड्यात खालशासोबत जहागिऱ्याही. तिकडच्या जुन्या दप्तरात आजही उर्दू नोंदी आणि फसली साल भेटते. १३५० फसली म्हणजे इसवी १९४०-४१. आजोबांची जमीन शोधायला आलेला नातू तिथेच अडतो.

अर्थात दोन काठांतल्या फरकाचे सगळे श्रेय राज्यकर्त्यांना देणे किंवा खापर त्यांच्यावर फोडणे मला पटत नाही. पाऊस, सिंचन, रेल्वेपासूनचे अंतर यांचाही हिशेब धरावा लागतो आणि नदीकाठ म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही काठ एका राज्यात आले. कायदे मात्र लगेच एक झाले नाहीत: मराठवाड्याला कुळांसाठी १९५० चा हैदराबादचा कायदा, विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र.