कोवळी झाडे आणि हिवाळ्यातील हरणे

स्कॉटलंडच्या डोंगरांत हिवाळ्यात गवत सुकते, वर बर्फ साचतो. मग भुकेली तांबडी हरणे कोवळ्या झाडांचे शेंडे खुडतात, साली सोलतात. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. म्हणून खोडाभोवतालची साल पूर्ण निघाली, की झाड मरते. यावर उपाय म्हणून सुमारे दोन मीटर उंच जाळीचे कुंपण घालतात. परंतु त्या तारांवर आपटून कॅपरकेली हा दुर्मिळ रानपक्षी मरतो! क्रेग मेगी येथे १९८५ नंतर निराळा मार्ग धरला गेला: कुंपणाऐवजी हरणांचीच संख्या घटवली. तेथे भूर्जांचे रान पुन्हा उगवले. लांडगे नामशेष झालेल्या भूमीत त्यांचे कठोर कामही माणसालाच पत्करावे लागते.