नव्या विषयाचा कागदी प्रवास

मुरबाडला अजून रेल्वे नाही. हवा तो विषय जवळच्या कॉलेजात नसला, की मुलं भल्या पहाटे कल्याणची एसटी पकडतात. शहापूरची मुलं आसनगावला जाऊन लोकल गाठतात.

मग तो विषय इथेच का काढत नाहीत? खोली आणि फळा एवढ्यावर ते भागत नाही. मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. कोणत्या भागात कोणतं शिक्षण हवं, याचा पाच वर्षांचा बृहत आराखडा विद्यापीठाने करायचा, असं २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो. विषयासाठी नवं कॉलेजच काढायचं म्हटलं, तर या आराखड्यात न बसणारा अर्ज विचारातच घेतला जात नाही. बसला, तरी विद्यापीठ छाननी करून शिफारस करतं आणि परवानगी देतं राज्य सरकार.

त्यानंतर संलग्नतेसाठी समिती येते. प्रयोगशाळेत नळाला पाणी आहे का, कपाटात पुस्तकं किती, शिक्षक पात्र आहेत का, हे ती पाहते. (भातसा-तानसा धरणांचं पाणी मुंबईला पाजणाऱ्या शहापुरात नळाचा प्रश्न जरा बोचरा वाटतो.)

अभ्यासक्रमाची वाट वेगळी. मसुदा त्या विषयाचं अभ्यास मंडळ करतं, तो विद्याशाखेकडून विद्या परिषदेत जातो. तिथे मंजूर झालेला अभ्यासक्रमच मुरबाडलाही शिकवला जातो.